धाकटीचा ताफा

बहीण? नाही हो, बहीण कुठली — जाऊ ती माझी. धाकटी. आत्ता काचेतून डोकावून हसली ना — तुमच्याकडे बघून, माझ्याकडे नव्हे — ती आमच्या धाकट्या दिरांची बायको. वर ती दोघं राहतात, मधल्या मजल्यावर सासूबाई आणि आम्ही, आणि खाली हे माझं दुकान. सगळ्यांना बहिणीच वाटतो आम्ही. चेहरा सारखा नाही, उंची तर बघा, माझ्या खांद्याला लागेल कशीबशी, तरी वाटतो. एकाच जिन्यावरून इतकी वर्षं चढउतार केली की बायका एकमेकींसारख्या चालायला लागत असतील, दुसरं काय. हात जरा वर करा. अस्सं. कंबरेत ढगळ होतोय हा ड्रेस तुम्हाला, दोन बोटं आत घेते. आणि हलू नका हं, टाचणी लागली तर माझ्या नावानं खडे फोडाल.

बोलत नाही असं कुठे म्हटलं मी? बोलतो की. टाकी भरली. जिन्यातला दिवा गेलाय. सासूबाईंच्या गोळ्या संपल्यात. एका घरात इतकं बोलणं पुष्कळ झालं — काही घरांत तेवढंही नसतं. कशावरून बिनसलं? आता तुम्ही हसाल. घरावरून नाही, दागिन्यांवरून नाही, सासूबाईंवरून तर नाहीच, त्या बिचाऱ्या कुणाच्या अध्यात ना मध्यात. खेळावरून. हो, फोनवरच्या खेळावरून. बघा, हसलात. म्हटलं नव्हतं?

तुम्ही कधी खेळला नसाल. 'दर्यापार' नाव त्याचं. माझा घोटा मोडला होता — जिन्यावरून पडले, हातात कापडाचं भलंमोठं ठाण, पायरी दिसली नाही — आणि शिवणाऱ्या बाईचा पाय गेला म्हणजे मशीन गेलं, मशीन गेलं म्हणजे काय करायचं, छताकडे बघत माशा मारायच्या. तेव्हा कंटाळून घेतला तो खेळ. त्यात समुद्र असतो, प्रत्येकाला एक होडी मिळते, माल न्यायचा, वादळं चुकवायची, चाच्यांशी लढायचं, असं करत करत होडीचं जहाज करायचं. आणि सगळी खरी माणसं असतात हो त्यात, कुठे कुठे बसून एकाच वेळी खेळत असतात, कानात एकमेकांशी बोलत असतात. एकट्यादुकट्याचं काम नाही ते. म्हणून ताफा करायचा — दहा जण, पन्नास जण, शंभर जण — आणि ताफ्याचा जो प्रमुख, तो तांडेल. मी तांडेल होते. होते म्हणजे, आहे अजून. सांगते ते.

शून्यातून उभा केला तो ताफा मी. घरात मला कोण विचारतं? आमचे हे जेवताना 'मीठ कमी आहे' एवढं बोलले की त्यांचा त्या दिवसाचा कोटा संपला. आणि तिथे? आपलीच भाषा बोलणारी माणसं, पण कुठल्या कुठल्या देशांत राहणारी, ती कानात विचारायची, 'तांडेलबाई, वारा फिरलाय, काय करू?' मी इथे मशीनवर टीप मारत मारत सांगायचे, 'डावीकडे घे रे, झोपलास का!' आणि ती घ्यायची. एक बेकरीवाला होता, भट्टी तापेपर्यंत खेळायचा. एक मास्तर होते, भूगोल शिकवून निवृत्त झालेले, ते तर म्हणायचे, 'बाई, तुम्ही खरंच समुद्रावर असायला हव्या होतात.' मी समुद्र पाहिलेला नाही अजून. पण तीन डोलकाठ्यांचं जहाज होतं माझं. अख्ख्या खेळात तसली मोजकीच. लांबून शिडं दिसली की लोक वाट सोडायचे.

वळा थोड्या इकडे. बास.

तर मीच आणलं हिला त्यात. आपल्याच हातानं. तिचं ते — म्हणजे पोटातलं गेलं हो तिचं. सातव्या महिन्यात. असो, ते काही सांगायचं नव्हतं मला. पण भिंतीकडे तोंड करून पडली ती पडलीच. भावजी दारात उभे राहायचे, घसा खाकरायचे आणि परत जायचे. तिची आई येऊन गेली, कुणीकुणी येऊन गेले, सगळे 'रडू नको, होईल परत' म्हणून गेले. मला नाही जमत ते समजूत घालणं वगैरे. मी वर गेले, म्हटलं, 'सरक जरा.' तिच्या पलंगावर पाय लांब करून बसले आणि आपली खेळायला लागले. काही बोलले नाही. रोज दुपारी जायचे, बसायचे, खेळायचे, चहाचा कप ठेवून खाली यायचे. एक दिवस मागून आवाज आला, 'ताई, ती होडी बुडेल.' मी मान पण नाही वळवली. म्हटलं, 'बुडू दे. तू वाचव.' आणि फोन दिला तिच्या हातात.

चांगलं केलं म्हणता? हो, केलं की चांगलं. तेच तर. भटाला दिली ओसरी, पुढचं तुम्हाला माहीतच आहे.

शीड कसं धरायचं, वारा कसा ओळखायचा, सगळं मी शिकवलं. माझ्या ताफ्यात घेतलं, माझ्याच जहाजावर आधी. आणि ही — गोगलगाय अन् पोटात पाय! आवाज असा की कानात जेमतेम ऐकू यावा. पण लोक गप्प बसून ऐकायचे. मी ओरडले की कामं व्हायची, आणि ही नुसतं म्हणायची, 'तुमच्या आईचा ताप उतरला का हो?' — की तो माणूस विरघळलाच. अहो, तो बेकरीवाला. किती दिवस माझ्या ताफ्यात! त्याची बायको घर सोडून गेली, ते मला कधी कळलं? हिनं सांगितलं तेव्हा. हिला माहीत होतं, मला नाही! म्हटलं, मला का नाही रे सांगितलंस? तर म्हणतो, 'तांडेलबाई, तुम्ही कामात असता.' कामात असता! आणि एकदा वादळात एक नवखी मुलगी अडकली, काल आलेली, कुणाची कोण, तर हिनं स्वतःचं भरलेलं जहाज आडवं घातलं आणि बुडवून घेतलं. बुडवलं! कितीतरी महिन्यांची मेहनत. मी असते तर त्या नवखीला म्हटलं असतं, बाई, शिक आणि पुन्हा ये. पण नाही, तिकडे वाहवा, टाळ्या, सगळे मिळून हिला लाकूड देतायत, शिडं देतायत, नवं जहाज बांधून देतायत. माझं जहाज कधी कुणी बांधून दिलं नाही हो. मला कधी बुडवताच आलं नाही ना.

पोटात दुखलं का माझ्या? छे! मी कशाला जळू? माझीच शिष्या. मी अभिमानानं सांगायचे सगळ्यांना. सुरुवातीला सांगायचे.

मग ते नव्या समुद्राचं आलं. खेळ काढणाऱ्यांनी जाहीर केलं की आता नवा समुद्र उघडणार, नवी बेटं, नवी बंदरं — पण तिथे जाताना जुनं काही न्यायचं नाही. सगळ्यांनी पुन्हा एका होडीपासून सुरुवात करायची. कालचं पोर आणि मी, एका रांगेत. आणि जुना समुद्र राहील म्हणे, पण त्यात नवीन काही होणार नाही. म्हणजे म्हाताऱ्या माणसाला कोपऱ्यातली खाट देतात तसं. अहो, काय रणकंदन झालं! सगळीकडे दोन तट पडले. आम्ही जुन्या पाण्याचे, ते नव्या पाण्याचे. त्यांनी आम्हाला नाव ठेवलं शेवाळवाले. आम्ही त्यांना म्हणायचो फेसवाले — नुसता फेस, खाली पाणी नाही. माझ्या ताफ्यात एक बाप-लेक होते, एकाच घरात शेजारशेजारच्या खोल्यांत बसून खेळायचे, ते एकमेकांना उघड उघड शेवाळ आणि फेस म्हणायला लागले. मुलगी भिंतीवर थाप मारायची ती आम्हाला बापाच्या माइकमधून ऐकू यायची. हसण्यासारखं आहे ना? तेव्हा कुणी हसत नव्हतं. माणसं रडायची हो. आयुष्यातलं काहीतरी उभं केलेलं असतं कुणी, दुसरीकडे कुठे नाही उभं करता आलं म्हणून तिथे केलेलं असतं. आणि कुणी तरी म्हणतं, आता सोडा ते, चला, नवीन करू. सोपं असतं होय? ज्यांचं जुनं काही नसतं त्यांना सोपं.

मी नियम केला. जो नव्या समुद्रात पाय ठेवेल, तो माझ्या ताफ्यातून बाहेर. चुकलं? तुम्हीच सांगा, एका म्यानात दोन तलवारी राहतात का? मग सगळे म्हणाले, बसून बोलू. रविवारी संध्याकाळी जमले सगळे, कानात अगदी गजबज. मी मधल्या मजल्यावर आमच्या खोलीत, ही वर, बरोब्बर माझ्या डोक्यावर. हिची खुर्ची हलली की आमचा पंखा थरथरतो. तर बेकरीवाला म्हणाला, 'धाकट्या ताईंना काय वाटतं ते ऐकू.' धाकट्या ताई! कधीपासून? आणि ही म्हणते कशी, 'ताई, दोन्हीकडे खेळू या ना. सकाळी जुन्यात, संध्याकाळी नव्यात. कुणाला काढायचं कशाला?' लगेच सगळे, हो हो, बरोबर, बरोबर. मास्तरसुद्धा! मास्तर म्हणाले, 'बाई, तुम्ही तांडेल आहातच, पण नव्या पाण्यात धाकटीला पुढे जाऊ दे.' जाऊ दे! मी जिला पलंगावरून उठवली, तिच्या मागून मी होडी वल्हवत जायचं?

मी एवढंच म्हणाले की ताफा सांभाळणं म्हणजे काही खायचं काम नाही. बास. — आणखी? आणखी काय म्हणणार? रागात माणूस काहीबाही बोलतो, तुम्ही नाही बोलत? म्हणाले की माणसं सांभाळायला धमक लागते. म्हणाले की जिला पोटचं एक सांभाळता आलं नाही, ती शंभर जण काय सांभाळणार.

हललात तुम्ही. म्हटलं ना हलू नका म्हणून. लागलं का? दाखवा. नाही, रक्त नाही.

शंभर माणसं कानात आणि एकाचाही श्वास ऐकू येत नाही, असं कधी झालंय तुमच्याबाबतीत? मला वाटलं फोन बंद पडला. मग डोक्यावर खुर्ची सरकली. पंखा हलला. आणि ती कानात म्हणाली, त्याच आवाजात, जराही न चढवता — 'तुम्ही दिलंत ते मी खेळले. आता माझं मी खेळते.' एवढंच. रडली असती, ओरडली असती, जिना उतरून येऊन चार शब्द सुनावले असते तर मी पण चार सुनावले असते आणि मग झालं असतं काहीतरी. जावाजावांची भांडणं काय जगात होत नाहीत? पण ती गेली, आणि तिच्यामागून सगळे. ताफ्याच्या यादीत कुणी सोडून गेलं की त्याचं नाव काळ्याचं राखाडी होतं. मी बघत बसले. बेकरीवाला राखाडी. तो बाप राखाडी, ती मुलगी राखाडी — बघा, बाप-लेक जुळले पण त्या दिवशी! मास्तर तेवढे दोन दिवस राहिले. मग त्यांनी लिहिलं, 'बाई, मला तुमच्याबद्दल आदर आहे,' आणि तेही गेले. ताफ्यात उरले मी एकटी, नावाची तांडेल. आदर आहे म्हणणारा माणूस नेहमी दाराशी उभा असतो, लक्षात ठेवा.

दुसऱ्या दिवशी सकाळी जिन्यात भेटली. म्हटलं, आता बोलेल. म्हणाली, 'वहिनी, टाकी भरली.' वहिनी! लग्न होऊन आली त्या दिवसापासून ताई म्हणत होती मला. नात्यानं चूक काहीच नाही हो, वहिनीच लागते मी. समोरचा औषधवालापण वहिनीच म्हणतो.

माफी? कशाची माफी? माझा ताफा नेला तिनं. नेला नाही, ते आपणहून गेले — असं तुम्ही म्हणणार, सगळे तेच म्हणतात. आमच्या ह्यांनासुद्धा कळलं कुठून तरी, जेवताना म्हणाले, 'तू फार बोललीस.' मीठ कमी आहे याखेरीज वर्षानुवर्षांत तेवढं एकच वाक्य, आणि ते हे! आणि माफी मागितली तरी काय, ती तिथे राणी झालीय. ताफा म्हणजे नुसती जत्रा. शिस्त नावाला नाही. परवा माल बंदरात पोचवायचा सोडून सगळे एकाची हरवलेली होडी शोधत बसले. बेकरीवाला गाणी म्हणतो, भसाड्या आवाजात, आणि ही त्याला 'आणखी एक' म्हणते. मास्तर कोडी घालतात. वादळ आलं तर कोण कुठे उभं राहणार हेसुद्धा ठरलेलं नसतं — आणि तरी बुडत नाहीत हो! कसे बुडत नाहीत तेच कळत नाही. परवा एवढी मोठी लाट आली, मला तर वाटलं आता संपलं, तर तिनं अशी माझ्या होडीला दोरी टाकली —

खाली बघा. म्हणजे दुमड सरळ दिसते का बघते. सरळ आहे.

कसं कळलं म्हणजे? लोक सांगतात. — कोण लोक? बरं बाई, आहे मी तिथे. झालं समाधान? दुसऱ्या नावानं आहे. शिंपली नाव घेतलंय. कुठल्या तरी लांबच्या गावची एकटी बाई, वय झालेलं, माइक बिघडलाय म्हणून फक्त लिहून बोलते, असं सांगितलंय. चुका काढायला गेले होते मी. म्हटलं, बघू तरी किती दिवस टिकते ही जत्रा. पण ही दुपारी, माझ्या दुकानात गिऱ्हाईक नसतं नेमकं त्याच वेळी, त्या शिंपलीला घेऊन निघते. शिकवते. मला! मी मुद्दाम चुकते, शीड उलटं बांधते, खडकावर घालते, आणि ही वैतागत नाही. म्हणते, 'ताई, वाऱ्याशी भांडायचं नाही. आधी थोडं त्याचं ऐकायचं, मग त्याला आपलं ऐकवायचं.' माझे शब्द! पलंगावर बसून मी सांगितलेले, जसेच्या तसे, शिंपलीला देते. आणि ऐकलंत ना? ताई म्हणते तिला. ताई!

मला त्या शिंपलीचा इतका राग येतो म्हणून सांगू. वेड्यासारखं वाटत असेल तुम्हाला. पण तिनं काय केलंय हो धाकटीसाठी? चहा नेला होता का रोज वर? दोन दिवसांची ओळख, ना नात्याची ना गोत्याची, आयतं ऐकून घेते, आणि ताई! मला जिन्यात वहिनी आणि तिला ताई. कधीकधी वाटतं फोन आपटावा. मग वाटतं, दुपार कधी होते.

काल सगळे गेल्यावर दोघीच होतो बंदरात. होड्या बांधून नुसत्या बसलो होतो. तर ती आपणहून सांगायला लागली. म्हणाली, 'माझी एक जाऊ आहे. हे सगळं तिनंच शिकवलं मला. मी पडून होते तेव्हा सगळे रडू नको म्हणायचे, तीच एक काही म्हणाली नाही, नुसती बसली.' मग म्हणाली, 'नंतर ती एक बोलली मला.' काय बोलली ते नाही सांगितलं. शिंपलीला पण नाही सांगितलं. म्हणाली, 'तरी रोज तिच्या दारापाशी पाय अडतो माझा. ताई, तुम्ही मोठ्या आहात, तुम्ही सांगा — मी जाऊन बोलू का तिच्याशी?' मी आमच्या खोलीत बसले होते, वरून आवाज येत होता तिचा. कानातूनही येत होता आणि छतातूनही. हाक मारली असती तर ऐकू गेली असती.

काय सांगितलं? — लिहायला घेतलं. खोडलं. ती तिकडे थांबलेली. मग लिहिलं — नको. अशी माणसं बदलत नाहीत, तू जाशील आणि ती आणखी एक बोलेल.

कशाला म्हणजे? अहो, ती आली असती ना दारात, बोललो असतो, मिटलं असतं — मग दुपारी शिंपलीला कोण बोलावणार? दोन-दोन ताया ठेवत नाही कुणी. एकीलाच म्हणतात. आणि तिथे मी तिला कधी काही वाईट बोललेली नाही. तिथे आमचं काहीच झालेलं नाही.

ती म्हणाली, 'बरं ताई. तुम्ही म्हणता तर नाही जात.' इतकं पटकन! एका शब्दात ऐकलं त्या बाईचं. माझं नाही कधी असं ऐकलं.

असं काय बघताय? उतरा स्टुलावरून खाली. झालं तुमचं. पडदा लावून घ्या आणि सांभाळून काढा, टाचण्या आहेत. मंगळवारी या न्यायला. नाही, पाणी नका विचारू मला, बरी आहे मी. — आणि हे बघा, बाहेर ती भेटली तर तिला —

काही नाही. जा तुम्ही.